घट खात्यातला लेखक

भाऊसाहेबांची पहिली कविता मी ऐकली ती वजनकाट्याजवळ. जानेवारीतली सकाळ, काट्यावर कापसाची ट्रॉली, मागे तीस-चाळीस गाड्यांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, आणि काट्याच्या खोलीत भाऊसाहेब डोळे मिटून मला समुद्राबद्दल सांगताहेत. समुद्र त्यांच्या मनात उसळत होता. बाहेर बेल्याकडचा एक शेतकरी उसळत होता, कारण त्याच्या ट्रॉलीचं वजन कुणी बघायलाच तयार नव्हतं. कविता संपली तेव्हा मी ‘वा’ म्हणालो. त्या एका ‘वा’चं व्याज मी बावीस वर्षं फेडतो आहे.

भाऊसाहेब हे कुणाचं नाव नव्हे, ते एक पद आहे, आणि प्रत्येक तालुक्यात ते भरलेलं असतं. कुठे ते साखर कारखान्याचे संचालक असतात, कुठे सराफाच्या पेढीवर बसतात. आमच्या आदिलाबादेत कापूस पिकतो म्हणून जिनिंगचे मालक आहेत, इतकंच. पैसा आजोबांपासूनचा, पोटाची चिंता वडिलांच्या वेळी मिटलेली, धंदा थोरल्या भावाने सांभाळलेला. उरलेल्या माणसाने करायचं काय? पूर्वी असे लोक तबला शिकत, पहिलवान पोसत, नाहीतर सरळ बिघडत. भाऊसाहेबांनी लिहायला घेतलं. ‘बिघडला असता तर स्वस्तात पडलं असतं,’ असं थोरले एकदा म्हणाले. थोरले हिशेबी गृहस्थ आहेत. त्यांनी आकडेमोड करूनच हे म्हटलं असणार.

आजोबांनी सरकी काढायचा पहिला रेचा बसवला तो निजामाच्या राज्यात. हिशेब मोडीत, अर्ज उर्दूत, गिऱ्हाइकाशी तेलुगू, हमालाशी गोंडी आणि देवाशी मराठी, अशी त्या माणसाची चार भाषांत वाटणी होती. आणि चारही भाषांत मिळून त्यांनी एक शब्द जास्तीचा लिहिला नाही. निजामाचा हाली शिक्का किती, इंग्रजांचा कलदार किती, खाली रेघ. त्यांची एक वाळवी लागलेली वही भाऊसाहेबांनी कपाटात मखमलीत गुंडाळून ठेवली आहे. ‘बघा मास्तर, लेखणी घराण्यातच होती!’ होती खरी. तिच्यातून फक्त येणी निघत.

भाऊसाहेबांना अक्षरओळख झाली बासरला. गोदावरीकाठची ती सरस्वती. तेलंगणातले आणि नांदेडकडचे लोक तिच्यासमोर पोराला मांडीवर घेऊन पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. भाऊसाहेबांना तीनदा न्यावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा त्यांनी पेन्सिल खाल्ली. याचा अर्थ ते ‘माझ्यावर तीन वेळा सरस्वतीचा संस्कार झाला’ असा सांगतात आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापतातही. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. ऑक्टोबर 2016 मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेलं. सरस्वती गेली, लक्ष्मी तेवढी राहिली, असं जिनिंगचे मुनीमजी त्या दिवशी तेलुगूत पुटपुटले. भाऊसाहेबांना तेलुगू उत्तम येतं, पण असं काही त्यांना कधी ऐकू येत नाही.

त्यांचं खरं दुखणं जुनं आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नांदेडचं मुधोळ आमच्यात आलं, आणि आदिलाबाद शहर, बेला, जैनथ वगैरे जिथल्या तिथे राहून आंध्रात गेलं. ज्या वर्षी हे झालं त्या वर्षी भाऊसाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. तरी आपल्याला आजवर एकही मोठा पुरस्कार मिळाला नाही त्याला पुनर्रचनेचा फाजल अली आयोग जबाबदार आहे, अशी त्यांची खात्री आहे. ‘मास्तर, सीमारेषा फक्त वीस किलोमीटर खाली सरकली असती!’ सरकली असती तर काय झालं असतं हे ते सांगत नाहीत, नुसते पेनगंगेच्या दिशेने बघतात. ‘नदीच्या नावातच पेन आहे हो,’ हा विनोद मी त्यांच्या तोंडून निदान शंभर भाषणांत ऐकला असेल. पहिल्यांदा मी हसलो होतो, हीही माझीच चूक.

एका बाबतीत त्यांची बाजू खरी आहे. पुण्यात कुणाला आदिलाबाद सांगितलं की तो माणूस ‘अरे वा, गुजरातेत मराठी लिहिता!’ म्हणतो. हैदराबादेत सांगितलं तर ‘तुम्ही महाराष्ट्रातून आलात का?’ विचारतात. आपण कुठले, हे दोन्हीकडे समजावून सांगावं लागणाऱ्या माणसाने थोडंफार लिहिलं तर त्याला माफ करायला हवं. थोडंफार म्हणालो मी. भाऊसाहेबांची एकोणीस पुस्तकं झाली आहेत.

संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते सफारीत असतात. पाचला आत जातात आणि झब्बा, शबनम आणि चष्म्याची दोरी असे बाहेर येतात. त्यांच्या कार्डावर एका बाजूला जिनिंग-प्रेसिंगचा पत्ता आहे, दुसऱ्या बाजूला ‘कवी, कथाकार, ललितलेखक, समीक्षक’. धर्मकाट्याच्या पावतीच्या तळाशीसुद्धा त्यांनी एकदा चारोळी छापून घेतली होती. शेतकऱ्यांना ती काहीतरी कपात वाटली, आणि दोघेजण भांडायला आले, तेव्हा बंद केली.

आता या गोष्टीत कापूस येतो तो असा: शंभर किलो कापूस रेच्यावर चढवला की साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी, आणि दोन-तीन किलो जे कुठे जातं ते कुणालाच कळत नाही. धूळ, ओल, केर, हवेत उडालेले तंतू. त्याला म्हणायचं घट. घट सगळ्यांनाच मान्य असते. घट नाही म्हणणारा जिनिंगवाला खोटं बोलतोय असं समजावं. तर भाऊसाहेबांच्या पहिल्या कवितासंग्रहाचं बिल छापखान्यातून आलं, तेव्हा ते कुठल्या खात्यात टाकायचं यावर मुनीमजी आणि थोरले दोन दिवस विचार करत बसले. जाहिरात म्हणावं तर त्यात कंपनीचं नाव नव्हतं. धर्मादाय म्हणावं तर त्याने कुणाचं भलं झालं हे दाखवता येईना. शेवटी थोरले म्हणाले, ‘घटीत टाका.’ तेव्हापासून एकोणीसही पुस्तकं त्या खात्यात आहेत. भाऊसाहेबांना हे माहीत आहे की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलेलं नाही.

प्रत्येक पुस्तक पाचशे प्रतींचं. प्रकाशन फंक्शन हॉलमध्ये. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी आणि मठ्ठा. हमालांना त्या दिवशी अर्धी रजा आणि पूर्ण मजुरी असते, त्यामुळे हॉल भरतो. हमालांतले बरेचजण गोंड आणि तेलुगू, त्यांना कवितेत टाळी कुठे द्यायची ते कळत नाही. (मराठी लोकांनाही कळत नाही, पण ते कळल्यासारखं दाखवतात.) म्हणून खूण ठरवलेली: मुनीमजी पहिल्या रांगेत बसून खांद्यावरचा टॉवेल झटकतील, मग टाळ्या. हे छान चाललं होतं. चौथ्या की पाचव्या पुस्तकाच्या वेळी मे महिना होता, हॉलमधली वीज गेली, आणि गावातल्या एका वारलेल्या मास्तरांना श्रद्धांजली चालू असताना मुनीमजींनी खरोखरच घाम पुसायला टॉवेल काढला. पुढे काय झालं ते सांगत नाही. त्या मास्तरांचे चिरंजीव अजून आमच्याशी बोलत नाहीत.

पाहुणे मुंबईकडचे, नंदीग्राम एक्सप्रेसने येणारे. रात्रभर गाडीत चेपून आलेला माणूस स्टेशनवर उतरतो तोच त्याच्या गळ्यात हार. दुपारी त्याला कुंटाला धबधब्यावर नेतात, संध्याकाळी तो ‘या लेखकाची नोंद घ्यावी लागेल’ असं म्हणतो, आणि रात्री शाल, श्रीफळ, पाकीट घेऊन परत. नोंद मुनीमजी घेतात. कुठल्या खात्यात, ते वर सांगितलंच आहे.

पाचशे प्रतींचं काय होतं? काही लग्नांत आहेर म्हणून जातात. काही बँकेत, वीज कार्यालयात, बाजार समितीत टेबलावर दिसतात. तिथे खिडकीतून वारा फार येतो. बस स्टँडजवळच्या मिरची भजीवाल्याकडेही एक गठ्ठा कसा कोण जाणे पोचला. मी घाबरत घाबरत भाऊसाहेबांना सांगितलं, तर ते स्वतः जाऊन बघून आले आणि खूश झाले. भजीवाल्याचं मत असं, की गोष्टीच्या पुस्तकापेक्षा हे पुस्तक बरं, कारण पानावर छापलेलं कमी आणि कोरा कागद जास्त. तेल चांगलं पितो. मुक्तछंदाची एवढी सविस्तर समीक्षा आमच्या भागात दुसऱ्या कुणी केलेली नाही.

चार प्रती मात्र खऱ्या अर्थाने वाचतात, म्हणजे टिकतात. 1954 चा एक कायदा आहे: छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. कितीतरी प्रकाशक हे विसरतात. भाऊसाहेब नाही. प्रकाशनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी ते पायरीवर चार पाकिटं घेऊन उभे असतात. ‘मास्तर, दोनशे वर्षांनी कुणीतरी संशोधक चेन्नईत कपाट उघडेल...’ असं ते म्हणतात तेव्हा मला त्या संशोधकाबद्दल फार वाईट वाटतं.

कवितेत समुद्र असतोच. समुद्र, शिंपले, नाविक, दीपगृह. आदिलाबादहून एकही समुद्र जवळ नाही. पूर्वेकडचा घ्या नाहीतर पश्चिमेकडचा, रात्रभराची गाडी आहे. भाऊसाहेबांनी समुद्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा गिरगाव चौपाटीवर, आणि एकदा त्यात त्यांची चप्पल गेली. चप्पलेवर त्यांनी काही लिहिलेलं नाही. केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, मेसराम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचं पाणी घेऊन येतात, दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचतात. भाऊसाहेब दर वर्षी जत्रेला जातात, पुरणपोळी खातात आणि घरी येऊन नाविकावर लिहितात. मी एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, ‘ते रोजचंच आहे हो.’

आणि हाच माणूस काट्यावर बघावा! ट्रॉलीच्या वरचा कापूस तो हातात घेतच नाही. वरचा पांढराशुभ्र कापूस शेतकरी दाखवायला ठेवतो, हे त्याला पक्कं ठाऊक. कोपरापर्यंत हात आत खुपसून मधला काढतो, चिमूट दोन अंगठ्यांत धरून ओढतो, तंतू डोळ्यांसमोर धरतो, आणि ‘एकोणतीस’ म्हणतो. मग यंत्रावर मोजा, एकोणतीस मिलिमीटरच भरणार. कवडी किती, पालापाचोळा किती, रात्री पाणी मारलं की नुसतं दव पडलं, सगळं वासावर. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर कापूस परत. भाऊसाहेबांचा अंदाज यंत्राच्या अर्ध्या टक्क्यात असतो. दुसऱ्याच्या मालातली ओल अशी ओळखणाऱ्या माणसाची स्वतःची कविता पिळली तर बादली भरेल, याचं मला पूर्वी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. कापसाला समोर भांडणारा शेतकरी असतो, सीसीआयचं यंत्र असतं, भाव पाडणारा दलाल असतो. कवितेसमोर कोण आहे? मी. आणि आमच्या मराठी शाळेतले सहा पंखे भाऊसाहेबांनी दिलेले आहेत. त्यातल्या एका पंख्याखाली बसून मी त्यांची प्रुफं तपासतो. त्या वाऱ्यात बसून ‘ही कविता वाईट आहे’ असं म्हणून पाहावं कुणी.

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्याला साहित्य संमेलन झालं. नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष होते. भाऊसाहेब संमेलन चुकवत नाहीत. घुमानला, म्हणजे थेट पंजाबातसुद्धा, मफलर घेऊन जाऊन आले. वर्ध्याला गेलो तर सेवाग्राम बघायलाच हवं, म्हणून गेलो. तिथे बोलता बोलता मी मार्जरी साइक्स यांचा विषय काढला. इंग्लंडहून आलेल्या या बाईंनी सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमचे शिक्षक तयार केले, आम्हा मास्तर लोकांना त्यांचं नाव माहीत असतं. त्या क्वेकर होत्या. ‘क्वेकर म्हणजे?’ भाऊसाहेबांनी विचारलं. इथे मी गप्प बसायला हवं होतं.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला ख्रिस्ती पंथ. स्वतःला ते मित्र-समाज म्हणवतात. पुरोहित नाही, शपथ घ्यायची नाही, लढाईत पडायचं नाही. 1871 पर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं इंग्लंडच्या राजधर्माबाहेरच्यांना पुरती उघडी नव्हती, सरकारी मानमरातब नाही, म्हणून ही मंडळी धंद्यात शिरली आणि सचोटीवर गबर झाली. कॅडबरी, फ्राय, राउनट्री हे चॉकलेटवाले क्वेकर. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका क्वेकरांनी उभ्या केलेल्या. दुकानात एकच भाव, घासाघीस नाही. (हे पुढे थोरल्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘मग त्यांना कापसाचा अनुभव नसेल.’) श्रीमंत क्वेकर घरांतून हौशी लेखकही निघाले, पुष्कळशा धार्मिक कविता आणि डायऱ्या. एवढं ऐकून भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. धंदेवाईक घराणं, सचोटी, आणि शिवाय लेखन! आपलं गोत्र सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

मग मी त्यांना बर्नार्ड बार्टनची गोष्ट सांगितली, जरा औषध म्हणून. हा क्वेकर कवी वुडब्रिजला एका बँकेत कारकून होता. बँक सोडून लेखनावरच जगावं का, असं त्याच्या मनात आलं. चार्ल्स लॅमने 1823 साली त्याला कळवळून लिहिलं, की वेडेपणा करू नकोस, बँकेला चिकटून राहा, पुस्तकविक्रेत्यांच्या दारात जाऊ नकोस. लॅम स्वतः ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत तेहेतीस वर्षं हिशेब लिहीत होता, तो उगाच बोलला नसेल. भाऊसाहेबांनी यातून काय घेतलं? ‘म्हणजे थोर लेखक हिशेबाच्या कचेरीतच असतात!’ मी पुढे काही बोललो नाही.

पण त्यांना खरी भुरळ पडली ती क्वेकरांच्या उपासनेची. सगळे एका खोलीत गोल बसतात, निःशब्द. प्रवचन नाही, भजन नाही. ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने उठून बोलावं. कुणालाच झाली नाही तर तासाभराने हात मिळवून घरी जावं. ‘हे आपण आदिलाबादला करायचं,’ भाऊसाहेब परतीच्या वाटेवर पांढरकवड्याला चहा पिताना म्हणाले. ‘मौन काव्यबैठक.’

बैठक जिनिंगच्या गच्चीवर झाली. रेचे बंद, चांदणं, पांढरी गादी, आणि आम्ही सहाजण: भाऊसाहेब, मी, चारोळ्या करणारा विमा एजंट, गझला करणारा कंपाउंडर, आत्मचरित्र लिहिणारे निवृत्त तहसीलदार, आणि मुनीमजी, जे चहाच्या हिशेबासाठी आले होते. पहिलं मिनिट निःशब्द गेलं. आदिलाबादच्या मराठी साहित्याच्या इतिहासातलं इतकं उत्तम मिनिट मला दुसरं आठवत नाही. लांब हायवेवरून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकचा आवाज, सरकीचा वास, आणि कुणीच काही ऐकवत नाही! दुसऱ्या मिनिटाला भाऊसाहेबांना प्रेरणा झाली. ती एक तास चाळीस मिनिटं टिकली. विमा एजंटला मध्ये तीनदा प्रेरणा झाल्याचं मी पाहिलं, त्याचे गुडघे उचलले जात होते, पण दर वेळी भाऊसाहेबांनी हाताने ‘बसा’ म्हटलं आणि तो बसला; भाऊसाहेबांच्या तीन ट्रकांचा विमा त्याच्याकडे आहे. क्वेकरांचं व्रत एकट्या तहसीलदारांनी शेवटपर्यंत पाळलं. ते घोरत होते.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा जिनिंगमध्ये पेढे वाटले गेले आणि भाऊसाहेबांनी हमालांसमोर अर्धा तास भाषण केलं. शेवटी मुनीमजींनी नम्रपणे एवढंच म्हटलं, ‘सार, माकु 2008लोने वच्चिंदि.’ म्हणजे आम्हाला 2008 मध्येच मिळाला. भाऊसाहेबांना हेही ऐकू आलं नाही.

आता दिवाळी अंकांबद्दल. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर साहित्य खातो, आणि भाऊसाहेबांचं साहित्य त्यात दर वर्षी असतं. सहा-सात अंकांत. अंकात डाव्या पानावर कविता असते आणि उजव्या पानावर आमच्या जिनिंगची शुभेच्छांची जाहिरात, पूर्ण पान, रंगीत. दोन्ही एकाच पाकिटातून जातात. जाहिरात कुणी परत पाठवत नाही, आणि तिच्याबरोबर आलेलं सामान परत पाठवणं बरं दिसत नाही. बावीस वर्षांत भाऊसाहेबांची एक ओळ परत आलेली नव्हती. ‘संपादकांना माझं लेखन कापावंसंच वाटत नाही,’ असं ते म्हणत, आणि मी पंख्याकडे बघत असे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात रुईचा भाव बसला. थोरल्यांनी खर्चाला कात्री लावली, आणि पहिली कात्री जाहिरातींवर. भाऊसाहेबांना त्यांनी सांगितलं नाही. मुनीमजींना सांगितलं, मुनीमजींनी जाहिरातीचे ब्लॉक पाठवलेच नाहीत. जुलैमध्ये कविता मात्र नेहमीसारखी गेली, माझ्याच हाताने. पाकिटात मी सवयीने परतीचं पाकीट घातलं, पत्ता लिहून, तिकीट लावून. ‘हे कशाला?’ भाऊसाहेबांनी विचारलं. ‘पद्धत आहे,’ मी म्हटलं.

ते पाकीट ऑगस्टमध्ये आलं. पोळ्याचा आदला दिवस होता, जिनिंगमध्ये फारसं कुणी नव्हतं, आणि भाऊसाहेबांनी ते माझ्यासमोरच फोडलं. आत त्यांची कविता होती, घड्या होत्या तशाच, आणि वर टाचणीने लावलेली बोटभर चिठ्ठी: साभार परत. खाली कुणाची तरी आडवी सही. एका ठिकाणी पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती, ‘दीपगृह’ या शब्दाखाली, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. चिठ्ठी त्यांनी बोटांत धरली, कापूस धरतात तशी, अंगठ्याने कडा चोळून पाहिली, खिडकीकडे करून उजेडात पाहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. हमालांचा जमादार दारात आला, त्यांचा चेहरा बघून कुणीतरी गेलं असं समजला आणि टोपी काढून उभा राहिला. मुनीमजी आले, तेही उभे राहिले. त्या दिवशी गच्चीवर सहाजणांना मिळून जे जमलं नव्हतं ते खाली ऑफिसात अगदी विनासायास चाललं होतं. मी मनातल्या मनात समजुतीची चार वाक्यं जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, ‘मास्तर, परत पाठवायचं म्हणजे आधी वाचावं लागत असेल ना?’

‘वाचल्याशिवाय कसं परत पाठवतील?’

‘संपूर्ण?’

मी पेन्सिलीची रेघ पाहिली. दीपगृह शेवटून दुसऱ्या कडव्यात होतं. ‘निदान तिथपर्यंत तरी,’ मी म्हणालो.

‘म्हणजे वाचलं,’ भाऊसाहेब म्हणाले. मग एकदम उठले. ‘मुनीमजी, दोन किलो पेढे आणवा. चांगले, खव्याचे. आणि ही चिठ्ठी काचेत बसवायची.’

पेढे आले. जमादाराने टोपी घातली आणि दोन उचलले. आतून म्हाताऱ्या आईसाहेब काठी टेकत आल्या, त्यांच्या हातावर मी पेढा ठेवला.

‘कशाचे रे मास्तर?’

‘भाऊसाहेबांचं लेखन परत आलं,’ मी सांगितलं.

आईसाहेबांनी पेढा तसाच हातात धरला. सत्तर वर्षं जिनिंगच्या घरात काढलेली बाई. ‘माल परत आला,’ त्या म्हणाल्या, ‘अन् तुम्ही पेढे वाटून राह्यले?’